नदीअलीकडे आणलेले पैसे

प्रिय वर्नाताई,

आपल्या शाळेतल्या बाईंची फूटपट्टी सकाळपासून कानात वाजते आहे. कवितेच्या चालीवर टेबलावर टक टक, टक टक. तुझा गुडघा कसा आहे? मी ठीक आहे. गुलाब फुललेत.

एक गाढवपणा मात्र झाला. बावीस वर्षं मी कोलंबिया नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या राज्यात कामाला गेलो, कर तिथेच भरला. नात मारेनच्या कॉलेजची बचतही तिथल्याच योजनेत ठेवली, कारण त्यावर करात सवलत मिळायची. निवृत्त झालो आणि वाटलं, आता पैसेही माझ्यासारखेच घरी यावेत. सगळे इकडच्या योजनेत आणले. शेजारचा लॉइड हसला, "अहो कवीमहाराज, पैशाला कसली आलीय मायभूमी?"

पैसे बाहेर नेले म्हणून आता पलीकडचं राज्य जुनी सवलत परत मागतंय. मारेनची पहिल्या सत्राची फी त्यातच जाणार. तिला सांगायला तोंड नाही. आयुष्यभर एवढ्या कविता पाठ केल्या, पण नियमांचा एक कागद वाचला नाही.

तू जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा धाकटा,
ऑर्विल

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दारात मारेन! या वेळी ती शाळेत असते. प्रवेश मिळालेल्या कॉलेजचा नवा स्वेटर घालून काचेतून हसते आहे. आता सांगावंच लागेल.