काठाखाली बीव्हर

२ मार्च, रविवार

आहेत! स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. कुत्र्याला घेऊन हेरल नदीच्या काठानं निघाले होते, तर वळणावरचं वाळुंजाचं झाड आडवं पडलेलं. खोडावर दातांच्या खुणा, खाली पांढऱ्या ढलप्यांचा खच. आणि मग पाण्यात एक ओलं, तपकिरी डोकं, तोंडात डहाळी धरून निघालेलं, बाजारहाट करून घरी चाललेल्या बाईसारखं. मला बघून शेपटी पाण्यावर अशी आपटली की कुत्रा माझ्या पायांत घुसला.

शाळेत शिकवायचे, आपल्याकडचा शेवटचा बीव्हर चारशे वर्षांपूर्वी मारला म्हणून. मी तिथंच ओल्या गवतात बसले आणि वेड्यासारखी हसले.

३ मार्च, सोमवार

वॉटला सांगितलं. "उंदीर असेल."
एवढा मोठा?
"मोठा उंदीर असेल."
तीस वर्षं काढली या माणसाबरोबर!

६ एप्रिल

गावाला कळलंच. खाटकाच्या दुकानात दुसरा विषय नाही. कुणी म्हणे गुपचूप आणून सोडले, कुणी म्हणे टेकडीपलीकडून आपणहून आले. पर्डम म्हणाला, "आले तसे जातील, एफी. किर्कहेरलमध्ये कोण टिकतंय?" पर्डम म्हणजे दर जूनला घोड्यांवरून गावाची हद्द फिरायची जी दौड, तिच्या समितीचा अध्यक्ष, आणि त्याच्या मते गावाचाही.

आज पुन्हा गेले होते. आणखी तीन झाडं आडवी. पाणी काठाला चढलंय. का कोण जाणे, पहिल्या दिवसाइतकं हसू आलं नाही.

४ मे, रविवार

आमचा ड्रू यंदाचा कॉर्नेट! रात्री समितीचे सगळे दारात आले, बँड वाजवत. जूनच्या दौडीत गावाचा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे माझा मुलगा! वॉट न्हाणीघरात जाऊन रडला. नळ सोडून रडला, म्हणजे मला ऐकू येऊ नये. बत्तीस वर्षांपूर्वी तो स्वतः कॉर्नेट होता. तेव्हाच तर मी भाळले या येड्यावर.

१८ मे, रविवार



वळणाजवळ काठानं चालत होते. हिरवंगार, सपाट गवत. एक पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत! कशीबशी बाहेर निघाले. भोकात काठी घातली, तर मुठीपर्यंत गेली, तळ लागेना. कान लावला. खाली पाणी हलत होतं. आणि काहीतरी बारीक आवाजात कुरकुरत होतं, तान्ह्या मुलासारखं.

त्यांची घरं. सगळा काठ आतून पोकळ केलाय, आणि वरून गवताला पत्ता नाही.

आणि दौड याच काठावरून जाते. भरधाव. सगळ्यांत पुढे ड्रू.

१९ मे

पर्डमला घेऊन गेले. तो आणि समितीचे दोन ढेरपोटे. तिघांनी काठावर उड्या मारल्या, लहान पोरांसारख्या. "बघ एफी! आमची पोटं पेलली या जमिनीनं, घोड्याचं काय घेऊन बसलीस?"
मी म्हटलं, यंदा दहा पावलं आतून जा. काय बिघडलं?
असं बघितलं माझ्याकडे, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली! "काठ ही गावाची हद्द आहे. घोड्याचा खूर पडेल तिथवर गाव. आत वळलो की तेवढी जमीन सोडली."
कुणाला सोडली? पलीकडे नुसत्या मेंढ्या आहेत!
"आज मेंढ्या आहेत," म्हणाला. आणि तिघं निघून गेले.

२३ मे

वन्यजीववाल्यांना फोन केला. बाई गोड बोलली. पिल्लांचे दिवस आहेत, बिळं बुजवायला परवाना लागेल, वेळ लागेल. "तोवर काठापासून लांब राहा," म्हणाली.
सांग बाई, हे आमच्या गावाला सांग.

३१ मे, शनिवार

काल दिवसभर काठी टोचत फिरले. जिथं जमीन पोकळ लागली तिथं खुंट्या ठोकल्या, लाल चिंध्या बांधल्या. आज जाऊन बघते तर एक नाही! वाटलं, पर्डमचं काम. घरी आले, तर आमच्याच शेडमध्ये मोळी बांधून ठेवलेली.

"घोडे बुजतात लाल रंगाला," वॉट म्हणाला. मान वर न करता.
मुलगा आहे तुझा तो!
"म्हणूनच. टर्नबुलांची बाई चिंध्या बांधत फिरते म्हणून हसतायत लोक. या काठावरून मी गेलो, माझा बाप गेला."
तेव्हा खाली बीव्हर नव्हते.
"तेव्हा बायका एवढ्या बोलतही नव्हत्या."
ताट तसंच ठेवून उठले.

८ जून, रविवार

वरच्या अंगाला काठाचा एक तुकडा खचला. मोटारीएवढा. नदीत गेलाय, आणि वरचं गवत अजून जसंच्या तसं उभं. वॉटला ओढत नेऊन दाखवला. ओणवा होऊन खाली बघितलं त्यानं. मला वाटलं, आता पटेल.
"तो काठ कच्चाच होता पहिल्यापासून," म्हणाला.

रागाच्या भरात बीव्हरांना शिव्या घातल्या. त्यांचं तरी काय चुकलं? ते घर बांधतायत.

१२ जून, गुरुवार

आज ड्रूला एकटा गाठला. गोड बोलून वळणावर नेला. वाटभर हसत होता, "आई, तू बीव्हरांपेक्षा जास्त खोदतेस!" मग आडवा झाला आणि भोकात हात घातला. खांद्यापर्यंत गेला. उठला तेव्हा हसत नव्हता.

घरी आल्यावर मी त्याच्या हिरव्या कोटाला इस्त्री करत होते, तर मागून येऊन हळूच म्हणाला, "वळेन आत. दोन घोड्यांचं अंतर सोडेन. पण बाबांजवळ बोलू नकोस. ते मला झेंड्याला हात लावू देणार नाहीत."
नाही बोलणार. जिभेला कुलूप!
पुढं जन्मभर ऐकून घ्यावं लागेल पोराला. ऐकू देत. महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

१४ जून, सकाळ

लख्ख ऊन. बँड सुरू झाला. वॉटनं घोड्यावरून मला हात केला, हा आमचा अबोल्यानंतरचा समेट.

१५ जून, रविवार

ड्रू वळला. झेंडा उंच धरून, शब्द दिला होता तसा. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हद्द सोडली! टर्नबुलनं हद्द सोडली!" मी हसत होते. देवा, मी हसत होते! माझं सगळं लक्ष त्या एकाच घोड्यावर होतं.

वॉट मागच्या रांगेत होता. त्यानं रांग मोडली आणि घोडा सरळ काठाला घातला, मुलानं सोडलेली वाट भरून काढायला.

काठ दोघांना घेऊन खाली गेला. घोडा धडपडत वर आला. वॉटला खणून काढावं लागलं.

आत्ता पर्डम येऊन गेला. टोपी हातात, डोळे लाल. "हद्द राखली गं त्यानं, एफी," म्हणाला. मी त्याला घरात घेतलं नाही.