कोपरभर काळी माती

॥ श्री ॥
भिसेगाव, कर्जत
ता. १९ नोव्हेंबर १९४४

चि. भिवाजीस आबादादाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तडतड, तडतड, आणि मग एकदम भस्स! एकसष्ट वर्षं झाली, पण हा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. चैत्रातली सकाळ, आपल्या ऐनवाडीच्या टेकडीचा पायथा आणि आईनं पेटवलेला राब. खाली शेण, त्यावर ऐनाच्या पालेदार फांद्यांचा टाहाळ, त्यावर गवत, सगळ्यांवर मातीचा पातळ थर. वारा पडलेला बघून ती एका टोकाला विस्तव लावायची आणि ऐनाची वाळली पानं टाळ्या पिटल्यासारखी तडतडायची. त्या भाजल्या मातीत भाताचं बी पडायचं आणि त्याचीच रोपं पुढं खाचरात लागायची. तू तेव्हा झोळीत होतास, मी सात वर्षांचा. रोपं निघाली की त्या जागेत मी आंब्याच्या कोयी पुरायचो. काळी, लोण्यासारखी माती! हात घालावा तर कोपरापर्यंत आत. तिथंच रुजलेलं एक रोप पुढं मी इथं आणून लावलं, तोच हा अंगणातला आंबा. याच्या सावलीत तीस वर्षं मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या.

आता मुद्द्यावर येतो. परवा इथं शेतकीचे एक साहेब आले होते. लढाईमुळं धान्याची ओढ आहे, पडीक जमिनी भाताखाली आणा, असं सांगत होते. मी उभा राहिलो. म्हटलं, वडिलांनी वाटणीत मला दिलेली टेकडी नुसती गवताला नि झाडांना पडली आहे. माती काळी, कोपरभर खोल. साहेब म्हणाले, बघायला येतो. मीच म्हटलं, कशाला तंगडतोड, मी तिथंच जन्मलो. त्यांनी ते लिहून घेतलं.

तर माघात टेकडी मोकळी करायची आणि पायऱ्यापायऱ्यांनी खाचरं काढायची. जन्मभर शिकवलेल्या कवितांतून शेतं डोलली. माझं स्वतःचं एकही कधी डोललं नाही. आता रेशनचा कुबट तांदूळ निवडताना हे फार लागतं. तुझं काय मत, ते कळव. अक्षर जरा नीट काढ.

तुझी माया आहे तशीच ओली राहो.
आबाजी

*

॥ श्री ॥
ऐनवाडी, पेटा खालापूर
ता. ५ डिसेंबर १९४४

ती. स्व. आबादादास भिवाजीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आमी सगळी खुशाल हाय. भात झोडून झालं. तुमचं पत्र सोनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, थोरल्या भावजींना टेकडीवर आणा न अनवाणी चालवा, कविता आपसूक उतरंल. बायकांचं बोलणं, मनावर घेऊ नका.

पण दादा, तुमचं सगळं उलटं झालंय. माती काळी म्हणून आईनं तिथं राब नाय केला. राब केला म्हणून माती काळी झाली. आजीनं जाळलं, आईनं जाळलं, आता सोना जाळते. ती काळी जागा चार वावं लांब न दोन वावं रुंद. तिच्या भाईर कुदळ मारा, टणकन् वाजते. वर टीचभर तांबडी माती, खाली मुरूम, त्याच्या खाली कातळ. आणि कोपर कुणाचं, तर सात वर्षांच्या पोराचं! त्या वयात आमची पाडीबी हत्तीएवढी दिसते.

ही वरकस जमीन हाय. नाचणी, वरी दोन सालं देते, मग चार सालं गवताला सोडली तरच दम धरते. भाताचा पाय पाण्यात लागतो, न मुरूम पाणी धरत नाय. इश्वास नसंल तर या. खड्डा करतो, हंडाभर पाणी ओततो. तुमची तपकिरीची चिमूट नाकात जायच्या आत हंडा गायब. खालच्या खाचरात तेच पाणी चार दिवस हलत नाय, कारण ती चिकण माती.

न आणखी एक. टेकडीचा टाहाळ न गवत हाय म्हणून खाचराला राब हाय, न राब हाय म्हणून घरात भात हाय. बाबांनी टेकडी तुमच्या नावानं केली तवा तुमच्या तोंडून वदवून घेतलं होतं, का खाचराचा राब टेकडीवरनंच चालंल. मी दाराशी उभा होतो. इसरलात काय?

राग धरू नका. आमच्यावर तुमची सावली असू द्या.
भिवाजी

*

॥ श्री ॥
भिसेगाव
ता. १४ जानेवारी १९४५

चि. भिवाजीस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचलं. शुद्धलेखनाच्या सदतीस चुका. त्या मी सोसल्या. पण थोरल्या भावाला शब्द दिल्याची आठवण करून द्यावी लागते, हे सोसवत नाही. मी काही विसरलेलो नाही. टाहाळ काय रे, जिथं झाड तिथं टाहाळ. कमी पडला तर माझ्याकडून घेऊन जा. माझ्या अंगणात काय झाड नाही?

खरी गोष्ट मला उमगली आहे. थोरल्यानं खुर्चीत बसून पगार घेतला, आता त्याला शेत कशाला, असं तुमच्या घरात बोललं जात असणार. सोनाबाईला म्हणावं, अनवाणी मीही चाललो आहे, तू त्या घरात यायच्या कितीतरी आधी.

कोंडाजी मुकादमाशी बोलणं झालं. तो ठाकूरवाडीकडचे वीस गडी घेऊन माघात येईल. ऐन कोळशाच्या भट्टीला जातील, उताराला बांध पडतील. काल आंब्याखाली बसलो असता दोन ओळी सुचल्या. तुझ्यासाठी लिहितो:

पायरी पायरी उतरत येईल साळ माझ्या दारी,
डोलत डोलत सांगेल मजला, भरा कणगी सारी.

पावसाळ्यात तू स्वतःच म्हणशील, दादाचं बरोबर होतं. तोवर तुझ्या रुसव्याला माझा आशीर्वाद.
आबाजी

*

॥ श्री ॥
ऐनवाडी
ता. २२ एप्रिल १९४५

ती. स्व. दादास नमस्कार, वि. वि.

तुमची कविता बैलांना वाचून दाखवली. धाकट्यानं शेपूट हलवलं. तेवढीच दाद.

एकशे चाळीस ऐन होते. सोना दर साली मोजायची. आता एकबी नाय. यंदा राबाला टाहाळ नाय, गवत नाय, शेणावर नुसता पेंढा जाळला. पेंढा भुरकन जळतो, माती भाजतच नाय. रोपांपेक्षा तण जास्त येणार. पेंढा जाळला, आता बैलांच्या पुढ्यात काय टाकू तेबी कळवा.

एकच मागतो. टेकडीच्या पायथ्याला, माझ्या खाचरांच्या वर, दहा हात रुंद गवताची पट्टी आजून शिल्लक हाय. ती तोडू देऊ नका. मुकादमाचे बांध नुसत्या मुरमाचे हायत, चोपलेबी नायत. वरून लोंढा आला तर त्या गवताशी अडंल, नायतर सरळ माझ्या घरात. कोंडाजी म्हणतो, मास्तरांचा हुकूम दाखव. कार्डावर दोन अक्षरं लिहा. शुद्ध नसली तरी चालतील.

वाट बघतो.
भिवाजी

*

॥ श्री ॥
भिसेगाव
ता. ९ जुलै १९४५

चि. भिवाजीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं एप्रिलचं पत्र वेळेवर पोचलं होतं. पण त्याच दिवशी कोंडाजीचा निरोप आला, की तेवढ्या पट्टीत आणखी एक खाचर सहज बसेल. मला वाटलं, दहा हात गवतापेक्षा दहा हात साळ बरी. तुला नाही म्हणवेना, म्हणून उत्तरच लिहिलं नाही. मास्तरकी केली, तरी कधीकधी पोरासारखं तोंड लपवावंसं वाटतं. रागावू नकोस.

आज चार दिवस पाऊस पायरीवर उभा आहे. छत्री घेऊन उल्हास नदीपर्यंत जाऊन आलो. पाणी तांबडंलाल. मी मनानं मात्र टेकडीवर आहे. एकाखाली एक पायऱ्या, प्रत्येकीत आभाळ उतरलेलं, त्यात बायका वाकून लावणी करताहेत. भिवा, पत्रात मला सगळं दाखव. पायऱ्यांत पाणी चमकतं का? रोपं पोपटी की गर्द? एखादा बगळा तरी आला का?

तुझ्या दोन ओळींवर माझा पावसाळा निघेल.
आबाजी

*

॥ श्री ॥
ऐनवाडी
ता. २ ऑगस्ट १९४५

थोरल्या भावजींच्या पाया पडून सोनाबाई लिहवते. लिहिणारा पदू डाकवाला. शब्द माझे हायत. त्याला सांगितलंय, एकबी गोड करू नको.

तुमी विचारलंत, पाणी चमकतं काय. तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या सांजेला टेकडी खाली आली. वरचा बांध फुटला, त्यानं त्याच्या खालचा फोडला. पायरी पायरीनं आली, तुमच्या कवितेत साळ येणार होती तशी. पायथ्याला अडवायला गवत नव्हतं. आमच्या पाची खाचरांत गुडघाभर मुरूम न धोंडे. लावलेलं एक रोप वर दिसत नाय. राबाची काळी जागाबी गेली. चार वावांचा कातळ उघडा पडलाय, घासल्या परातीसारखा. आजेसासूपासून जाळत आलो, ते एका सांजेत धुतलं. बगळे आले हायत. मुरमावर बसतात.

यांनी दोन दिवस पाट्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी बांधावर बसले ते उठंनात. आता खोपोलीला वीजघराकडं हमालीला जातात. त्रेसष्टाव्या वर्षी. तिथं कोणी इचारलं का शेत किती, तर नाय म्हणून सांगतात. तुमची पत्रं घरात नको म्हणाले. मी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलीत. आजून चुलीत घातली नायत.

पदू म्हणतो, शेवटी लोभाचं लिहायचं असतं. मी म्हटलं, तेवढी जागा कोरी सोड.

*

॥ श्री ॥
भिसेगाव
ता. १७ फेब्रुवारी १९४६

चि. भिवाजीस,

आशीर्वाद लिहीत नाही. माझ्या मागच्या तीन पत्रांतले तुझ्याकडून न फोडता परत आले, ते इथं पडून आहेत.

आश्विनात मी ऐनवाडीला येऊन गेलो. तू घरात होतास. सोनाबाई म्हणाली, नाहीत. मागच्या दारी तुझ्या वहाणा होत्या. मी पाहिल्या आणि नाहीस असंच धरलं. मग एकटाच टेकडीच्या पायथ्याशी गेलो. आपली ती जागा शोधायला वेळ लागला नाही, लांबूनच चकाकत होती. मी वाकून हात टेकला. भिवा, बोटांची नखंसुद्धा आत गेली नाहीत. तसाच बराच वेळ हात टेकून बसलो. वर आवाज नव्हता, पानच नव्हतं तर वाजणार काय?

मी चाळीस वर्षं मुलांना मातीचे प्रकार फळ्यावर लिहून दिले. काळी, तांबडी, चिकण, मुरमाड. खाली रेघ, पाठ करा. पाठ केलं नाही म्हणून छड्या मारल्या. माझा स्वतःचा भाऊ तिसरी शिकलेला. त्यानं एका पत्रात सगळं लिहून पाठवलं, चिकणीला भात, मुरमाला झाड नि गवत, त्यांचा राब खाचराला. मी त्यातल्या चुका मोजल्या. सदतीस. आज तेच पत्र पुन्हा काढून वाचलं. मातीबद्दल त्यात एकही चूक नाही.

टेकडी तुझ्या नावानं करून देतो, असं लिहायला बसलो होतो. मग हसू आलं. काय देतो? कातळ. पावसाच्या तोंडाशी गवताचं बी टाकीन, ऐनाची रोपं लावीन. पण टाहाळ तोडण्याजोगा ऐन व्हायला पंधरा वर्षं लागतात. तेवढी तुझ्याजवळ नाहीत, माझ्याजवळ तर नाहीतच. पदूनं कार्डावर कळवलं, की तू सुटीच्या दिवशी मुरूम उपसतोस आणि पाचातली दोन खाचरं मोकळी झाली. ते वाचून मला किती बरं वाटलं, हे सांगायचा मला आता अधिकार नाही. पण मनात एकच घोळतं. चैत्र जवळ आला. त्या दोन खाचरांना रोपं लागतील. राब कशाचा करणार आहेस? पेंढासुद्धा यंदा पिकला नाही. मी इथून काय पाठवू? सांग, काहीही सांग. शिव्या दे, पण

दोन घटकांनी पुन्हा लेखणी उचलतो. कडी वाजली म्हणून उठलो होतो. वाटलं, दूधवाली. दार उघडलं तर सोनाबाई. लग्न झाल्यावर नमस्काराला आली होती, त्यानंतर या उंबऱ्याशी आजच. रस्त्यावर बैलगाडी उभी आहे, बैल तुझे नाहीत. तिच्या डोक्यावर चुंबळ, खांद्यावर दोर, हातात कोयता. पाणी पुढं केलं, नको म्हणाली. बस म्हटलं, बसली नाही. कनवटीतून एक घडी काढून माझ्या हातात दिली. चुलीच्या धुरानं पिवळं पडलेलं माझंच पत्र, गेल्या वर्षीच्या जानेवारीचं. तिला वाचता येत नाही. पदूकडून वाचवून घेतलं असणार. एका ओळीखाली कोळशानं रेघ ओढली आहे. माझ्या अंगणात काय झाड नाही?

मी विचारलं, भिवानं पाठवलं का. म्हणाली, त्यांना ठाऊकबी नाय. दोन खाचरांपुरताच टाहाळ लागंल, जास्त नको. आणि आता अंगणात उभी राहून आंब्याकडं बघते आहे. वरपासून खालपर्यंत मोहर आला आहे यंदा, गेल्या दहा वर्षांत आला नव्हता असा. कुठून सुरुवात करावी, याचा ती अंदाज घेते आहे.

हे पत्र तिच्याच हाती देतो. इथंच थांबतो, भिवा. शिडी जुनी आहे, खालून कुणीतरी धरायला हवी.
आबाजी