राख सावडताना काय बोलावं

आण्णा, काल आईची राख सावडली आणि तिथं मी बोलले. आपल्या गावात बाईमाणसानं स्मशानात उभं राहून बोलायची रीत नाही, पण कुणी नको म्हणालं नाही. तुमची मुलगी बोलणारच, असं सगळे धरूनच चालले होते.

गावातल्या प्रत्येक मयताला तुम्हीच बोलायचात. वारंगा फाट्यावरचं पंक्चरचं दुकान बंद करून साबणानं हात घासायचात, तरी नखांत काळं राहायचंच. मग ज्या घरचं माणूस गेलं तिथं जाऊन बसायचं आणि बायांना एवढंच विचारायचं, "त्यायला काय आवडायचं?" कुणाला शिळी भाकर आणि ठेचा, कुणाला बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बसणं. त्यातलं एक धरायचं, बाकी सोडून द्यायचं. "मनमिळाऊ व्हते, हे कुनाबद्दलबी म्हनता येतं," असं तुम्ही मला सांगायचात. "जे फक्त त्याचंच हाय ते बोलावं, आन लवकर खाली बसावं." आता वसमतच्या शाळेत वक्तृत्वासाठी पोरं तयार करते, तेव्हा मी हेच सांगते, फक्त जरा पुस्तकी शब्दांत.

मयताच्या घरून परत आलात की बोलायच्या आधी तुम्ही ते भाषण आईला म्हणून दाखवता. ती चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. "सुरुवात लय लांब व्हऊन राहिली, लोक उन्हात उभे हायेत," एवढंच म्हणते. एकदा दारूपायी गेलेल्या एका माणसाच्या सरणापुढं तुम्ही दारूबंदीवर बोलणार होतात. आईचा हात परातीतच थांबला. "काहून? त्याच्या बायकोला उद्या ह्याच गावात ऱ्हायचंय. पोरीला खांद्यावर बसवून त्यानं जत्रा दाखवली व्हती, ते सांगा." तुम्ही जरा रागावलात, पण तेच सांगितलंत. त्या बाईनं पुढं कायम तुम्हाला भाऊ मानलं. आईचं नाव त्यात कुठंच आलं नाही, आणि तिला त्याचं काही वाटलेलं मी पाहिलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा पुढारी बोलले. भाऊ घरी आला तशी आईनं त्याला विचारलं, काय काय बोलले. त्यानं सगळं सांगितलं, गावाची हानी, न भरून येणारी पोकळी. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आन त्यायचं कोन बोललं मग?" ती उठून गोठ्यात गेली.

म्हणून तिच्या वेळी मी नेटानं तयारीला लागले. तुमच्यासारखीच घरातल्या बायांत बसले आणि तुमचाच प्रश्न विचारला. भावजय म्हणाली, "आत्याबाईला सगळंच चालायचं." भाऊ म्हणाला, "तिला? आपन पोटभर जेवलेलं आवडायचं." शेजारच्या काकू विचार करकरून शेवटी रडायलाच लागल्या. मी स्वतःला विचारलं. उरलेला चहा ती प्यायची, आणलेलं लुगडं नेसायची, करपलेली भाकर स्वतःच्या ताटात घ्यायची. यात आवड कुठली? एक ओळ सुचेना. आई गेली त्या दिवशी रडले नव्हते एवढी मी तेव्हा रडले.

शेवटी मी खरं ते सांगून टाकलं. "इथं आण्णांची जी भाषणं तुम्ही ऐकलीत, ती सगळी हिनं चुलीपुढं निवडून, पाखडून दिलेली होती." आण्णा, तुमचं नाव थोडं कमी झालं असेल, रागावू नका. पुढं बसलेले एक म्हातारबा डोळे पुसत म्हणाले, "माझ्या बापाचंबी तिनंच केलं व्हतं व्हय?" मी मान हलवली. भाषण चांगलं झालं, असं सगळेच म्हणाले. पण तेही आईचं नव्हतंच, आण्णा. ते पुन्हा दुसऱ्यांच्या मयतांचं आणि तुमचंच झालं.

तुम्ही असतात तर आईला काय आवडायचं, हे तुम्हालाच विचारलं असतं. गावभर घरोघर हे विचारणाऱ्या माणसानं तिच्यासोबत जन्म काढला, त्याला तर ठाऊक असणारच, असं कालपर्यंत मी धरून चालले होते. आज तेवढी खात्री वाटत नाही. हे पत्र कुठं पाठवायची सोय नाही तेच बरं आहे. मला ठाऊक न्हाई, असं तुम्ही म्हणालात तर ते मला सोसायचं नाही.