अरे-तुरेचा अधिकार

सोमवार, ९ ऑक्टोबर. कासाले. सकाळी सात.
उद्या डेल्मोबरोबर चार दिवसांच्या प्रवासास निघत आहे. आस्ती, आल्बा, निझ्झा; जुनी चर्च, वाइनची तळघरे, द्राक्षमळे. हेतू निव्वळ अभ्यासाचा. निझ्झाच्या वरच्या टेकडीवर एर्सिलिया गावेल्लो यांचा मळा आहे. तो वाटेतच लागतो, अर्थात वाट थोडी वाकडी केली तर.

मी व्याकरण शिकवीत असे त्याच शाळेत बाईंनी बावीस वर्षे भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर आठ वर्षे आमचा पत्रव्यवहार आहे. या तीस वर्षांत आम्ही एकमेकांना 'अहो' म्हणत आलो. शिष्टाचार स्पष्ट आहे: अरे-तुरेचा प्रस्ताव स्त्रीनेच मांडायचा असतो. बाई संकोची आहेत. पण या भेटीत त्या तो मांडतील. मांडला की माझे वाक्य तयार आहे. कासालेला माझ्या घरी कायमचे राहायला येण्याविषयीचे, तीन गौणवाक्यांचे. पाठ केले आहे.

प्रवासात कोणाचेही व्याकरण सुधारणार नाही. रोज एकच पेला.

मंगळवार, १० ऑक्टोबर. आस्ती. दुपार.
पहिला संकल्प साडेअकरापर्यंत टिकला. खाणावळीच्या फळ्यावर एका पदार्थाच्या नावात दोन चुका. मी खडू मागितला, एवढेच. मालकाने विचारले की जेवायला आलात की तपासणीला. दोन्हीला, असे मी सांगितले. वाढायला त्याने पाऊण तास लावला.

डेल्मो हसत होता. हा माझा बालमित्र. ट्रकचे टायर बदलण्यात त्याचे आयुष्य गेले. 'मला माहीत असेल तर आलो असतो' असे बोलणाऱ्या माणसाशी माझी पासष्ट वर्षे मैत्री टिकली आहे. याचे श्रेय माझ्या सहनशीलतेस.

बुधवार, ११ ऑक्टोबर. आल्बा.
चव घेणे म्हणजे पिणे नव्हे. या न्यायाने आज सात तळघरांत मिळून एकही पेला झाला नाही. चर्चमधील शिलालेखात मात्र एक विभक्ती चुकलेली आहे. पाद्र्यांच्या निदर्शनास आणली. ते म्हणाले, चारशे वर्षांत देवाने तक्रार केलेली नाही. यावर माझ्याकडे उत्तर होते, परंतु डेल्मोने मला दंडाला धरून बाहेर आणले. पायऱ्या नेहमीपेक्षा उंच वाटल्या.

रात्री वाक्याची उजळणी. दुसरे गौणवाक्य थोडे लांबते आहे. ते लांबच शोभते.

गुरुवार, १२ ऑक्टोबर. निझ्झा.
पोहोचलो. बाईंनी हात पुढे केला: "या, प्रोफेसर, प्रवास बरा झाला ना?" निर्दोष रचना. मी वाकून अभिवादन केले. तोच मागून डेल्मो म्हणाला, "एर्सिलिया, तुझी ती गाडी एका बाजूला बसलीय बघ. टायरमध्ये हवा नाहीये." ओळख होऊन दोन मिनिटेही झाली नव्हती. शरमेने मी जमिनीकडे पाहत राहिलो.

बाईही त्याला 'अरे' म्हणू लागल्या. हा केवळ त्यांचा सुसंस्कृतपणा. असभ्य माणसाला त्याच्याच भाषेत उत्तर द्यावे, म्हणजे त्याला अवघडल्यासारखे होत नाही. दुपारभर ते दोघे मिळून गाडी दुरुस्त करत होते आणि मोठमोठ्याने हसत होते. मी ओसरीवर बसून प्रस्तावाची वाट पाहिली. संधी म्हणून तीन वेळा खोकलो. तिसऱ्या वेळी त्यांनी मधाचा काढा पाठवला. यात आपुलकी स्पष्ट दिसते.

रात्री डेल्मो म्हणाला की बाई चांगली आहे, तुझं काही असेल तर बोल, नाहीतर मी रविवारी तिला निझ्झाच्या नाचाला घेऊन जाईन. मी म्हणालो की शिष्टाचाराला घाई नसते. झोप आली नाही. गादी कडक आहे.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर. निझ्झा. दुपारी चार.
जे घडले ते क्रमाने लिहितो.

आज द्राक्षांची तोडणी संपली. तोडणी संपल्याचे जेवण इथे एकाच भांड्यातून होते: मधोमध लसूण आणि खारवलेल्या मासोळ्यांचे उकळते तेल, आणि सगळ्यांनी त्यात ढोबळी मिरची नि भाज्या बुडवायच्या. मी वेगळी वाटी मागितली.

"प्रोफेसर," बाई म्हणाल्या, "एका भांड्यात बुडवणारी माणसं एकमेकांना अहो म्हणत नाहीत इथं."

मी नियम सांगितला. प्रस्ताव स्त्रीने मांडायचा असतो, आणि त्याचीच मी आदरपूर्वक प्रतीक्षा करीत आहे.

बाईंनी हातातली पावाची टोपली तशीच धरून ठेवली. "माझ्या आईनं सांगितलं होतं, वयानं मोठा असेल त्यानं म्हणायचं. तुम्ही सात वर्षांनी मोठे. तीस वर्षं थांबलेय मी. आणि तुम्ही पत्रात मला 'आदरणीय' लिहिताय."

"मास्तर," डेल्मो म्हणाला, "रेल्वेचं फाटकही उघडतं रे कधीतरी."

दोन्ही नियम ग्रंथांत आहेत. याची मला पूर्ण कल्पना होती. दुसऱ्याकडे लक्ष गेले नव्हते, इतकेच.

मी उभा राहिलो. नऊ माणसे माझ्याकडे पाहत होती. वाक्य आठवेना. तिन्ही गौणवाक्ये जशीच्या तशी आठवत होती, मुख्य वाक्यच नाहीसे झाले होते. बाई अजून टोपली घेऊन उभ्या होत्या आणि बाकावर माझ्या शेजारी जागा होती. मी म्हणालो, "एर्सिलिया, तू... तू बसा ना."

सगळे हसले. डेल्मोला तर ठसका लागला. एका तोडणीवाल्या बाईने ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिले, मग तिच्या शेजारणीने. उद्यापर्यंत ते निझ्झाच्या बाजारात पोहोचेल. चाळीस वर्षे मी मुलांच्या वह्यांत लाल शाईने हीच चूक अधोरेखित करीत आलो.

कर्त्याशी क्रियापदाचा मेळ बसला नाही. एर्सिलिया मात्र बसली. तिने पावाचा तुकडा तोडला, त्याच भांड्यात बुडवला आणि माझ्या हातात दिला. तेल माझ्या बाहीवर सांडले.

वाक्य तसेच राहिले आहे. मी ते दुरुस्त केले नाही.