उष्ट्या ताटातलं औषध

जानेफळ, ता. २ ऑगस्ट १९६५

चि. सहदेव यास शालूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नागपूरहून परत आणल्यापासून तुझ्या भाऊजींच्या पोटातली गाठ तशीच आहे. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तेव्हाच मी काय ते समजले. दुखणं ते सोसतात रे, पण अन्नावरची वासनाच उडाली. मळ्यातली कोवळी वांगी भाजून पुढे ठेवली, तरी घास बोटांनी चिवडत बसतात. लेकरूबाळ नाही. घरात माणसं दोन, त्यातलं एक भिंतीकडे तोंड करून निजलेलं. मी बोलू कोणाशी? तू औषधांच्या प्रयोगशाळेत आहेस, काहीतरी पाहा. चार घास तरी पोटात जावेत.

माया आहेच, पण उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी,
शालूताई

नागपूर, ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस सहदेवचा शि. सा. न. वि. वि.

गावाकडे निघालेल्या तुळशीरामभाऊंसोबत बाटली पाठवतो आहे. भाऊजींच्या डॉक्टरांनीच लिहून दिली. त्यात गांजाचा अर्क आहे, दचकू नकोस. भूक लागावी, दुखणं हलकं व्हावं म्हणून जुने डॉक्टर तो देत. त्यातलं नेमकं द्रव्य परदेशात गेल्याच वर्षी वेगळं काढलं. आमचे सर म्हणतात की, एका झाडाचा रस शरीर इतकं ओळखतं, तर भुकेचं असलं काही औषध शरीर स्वतःही बनवत असेल. अजून ते कोणाला सापडलेलं नाही.

भाऊजी माळकरी, कळलं तर तोंड उघडायचे नाहीत. कढीत पाच थेंब घाल आणि गप्प राहा. गुण आला का ते कळव.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
सहदेव

जानेफळ, ता. २० ऑगस्ट

चि. सहदेवास आशीर्वाद. वि. वि.

हस बाबा मला! कढीत थेंब घातले. यांनी दोन भुरके मारून ताट सारलं. यांच्यामागून यांच्याच ताटात जेवायची माझी सवय, आणि अन्न टाकवत नाही, म्हणून उरलेली कढी मीच संपवली. थेंबांचं डोक्यातच आलं नाही. थोड्या वेळानं अशी भूक लागली की आणखी दोन भाकरी खाल्ल्या, आणि चुलीकडे बघून हसू आवरेना. यांनी विचारलं की, काऊन हासून राह्यली? मग सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, आता रागावतील. तर पोटावर हात दाबून तेही हसले. म्हणाले की, मले न इचारता नशा पाजत होती, अन् सोताच पिऊन बसली! मग म्हणाले की, आन भाकर, माह्यासंगं बस. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आम्ही एका वेळी, एका ताटात जेवलो. त्यांना अख्खी भाकरी गेली. तुझ्या सरांना सांग.

अशीच आठवण ठेव.

शालूताई

जानेफळ, ता. ३ ऑक्टोबर

चि. सहदेवास आशीर्वाद.

त्यांची तेरवी उरकून तू गेलास आणि घर फार मोठं झालं. तुला सांगायचं राहिलं. पुढे अर्काला त्यांनी हात लावला नाही, मीही आग्रह केला नाही. पण उठून बसवेनासं होईपर्यंत आम्ही रोज एकाच ताटात जेवलो. कधी भाकरी जायची, कधी नुसतं बोलणं व्हायचं.

जाताना तू विचारलंस की जेवतेस ना, तेव्हा मी खोटं बोलले. घास तोंडातच फिरतो. काल उरलेल्या बाटलीतले थेंब घेऊन पाहिले. भूक लागली रे, चांगली लागली. ताट वाढून घेतलं आणि हात पुढे जाईना, नुसती रडत बसले.

तुझे सर म्हणतात तसं शरीर औषध बनवत असेल. माझं मात्र माझ्या शरीरात नव्हतंच. ते समोरच्या पाटावर बसायचं.

येत जा.

शालूताई