पिस्तूल हाताला बसलं पाहिजे

५ फेब्रुवारी २०१६, शुक्रवार. मस्कत.
लेकीला, पूर्वाला, नेमबाजीच्या रेंजवर नेलं. दहा मीटर एअर पिस्तूल. हवेच्या दाबावर चालतं, छर्रा कागदावर लागतो, पण दिसायला अगदी अस्सल. शाळेच्या टीमची निवड पुढच्या महिन्यात. बाकीचे बाप बाकावर चहा पीत बसलेले. कुणाला ओ की ठो कळत नाही. मी सहज म्हटलं, कॉलेजात एनसीसीला होतो. (रायफल होती. तीही एकदाच धरली. असो.) सगळे माझ्याकडे वळले. ऑफिसातल्या निशांतने विचारलं, मुलासाठी पहिलं पिस्तूल कुठलं घेऊ? मी म्हटलं, ब्रँड नंतर, वजन नंतर, आधी पिस्तूल हाताला बसलं पाहिजे. बोललो आणि मलाच पटलं. आजपासून नवख्या पालकांना मार्गदर्शन करायचं. पूर्वा आत नेम धरत होती, बोलण्याच्या नादात बघायचं राहिलं.

९ फेब्रुवारी, मंगळवार.
'पहिलं पिस्तूल' नावाचा ग्रुप काढला. निशांत, मी आणि विशाखा. विशाखा लेफ्ट झाली. बायको आहे, कौतुक करणार नाहीच.
जेवताना पूर्वाचं कोपर परत माझ्या कोपराला लागलं. आमटी शर्टवर. विशाखा म्हणते, जागा बदला. टीव्ही या खुर्चीवरूनच दिसतो. बदलणार नाही. टेबलच लहान आहे. पूर्वा लहानपणी डावखुरी होती. ती खोड मोडायला मला केवढी चिकाटी लागली होती. नेमबाजीला तीच लागते. रक्तातच आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार.
कोच सिराज सर सगळ्या पालकांना हिंदीत म्हणाले, सध्या क्लबच्याच पिस्तुलांवर शिकू दे. पुढे घ्यायचंच झालं तर क्लब पोलिसांची परवानगी काढून मागवेल. बाहेरून कुणी काही आणू नका. निशांतने लगेच क्लबकडे नाव दिलं. भित्रा. सिराज सरांना आपलं महत्त्व टिकवायचंय, दुसरं काय. परवानगी बंदुकीला लागते. हे हवेवर चालतं.

१६ फेब्रुवारी, मंगळवार.
मार्ग सापडला. खालच्या मजल्यावरचा मधू, एसी टेक्निशियन, सुट्टीवर संगमेश्वरला चाललाय. येताना अख्ख्या बिल्डिंगचं सामान आणतो. माझं मेतकूट दर खेपेला, खतिजाबाईंचा प्रेशर कुकर मागच्या खेपेला. माणूस सोन्यासारखा. पुण्याला मेव्हण्याला फोन केला, दुकानात जाऊन पिस्तूल घे आणि मुंबईला मधूकडे पोचव. दुकानदार विचारतोय म्हणे, मूठ डाव्या हाताची की उजव्या? काय एकेक प्रश्न! म्हटलं, उजव्या.
मधूला सांगितलं, पूर्वाचं खेळाचं सामान आहे. खोटं नाही. खेळच आहे तो. विशाखा म्हणाली, ते काय आहे ते त्याला नीट सांगा. कशाला? उगाच घाबरायचा.

२ मार्च, बुधवार.
मधू उद्या दुपारी येतोय. फ्लाइटची वेळ तीनदा बघितली. सहजच.

३ मार्च, गुरुवार.
दु. १.३०. फ्लाइट उतरलं.
दु. ३. मधू फोन उचलत नाही. बॅगा उशिरा येतात.
दु. ४. फोन बंद. बॅटरी गेली असणार. आजकालचे फोन.
५.१५. मधूची बायको सुचित्रा वर आली. पोलिसांच्या फोनवरून मधूचा कॉल आला होता. बॅगेत पिस्तूल सापडलं. त्याला धरून ठेवलंय. कंपनीला कळलं तर व्हिसा रद्द करून घरी पाठवतील. मुलीची शाळा, फ्लॅट, सगळंच जाईल. ती रडत नव्हती. म्हणाली, "त्यांनी तुमचं नाव अजून घेतलेलं नाही. भाऊजी, तुम्ही जाल ना?"
म्हटलं, म्हणजे काय, हा निघालो.
५.५०. शर्टाला इस्त्री केली. अशा ठिकाणी नीट जावं.
६.२०. घाईने गेलं तर केस बिघडते. आधी विचार करायला हवा. भीती वाटत नाहीये. इस्त्री फक्त चालू राहिली होती, ती बंद केली.
६.४५. विशाखाने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. पूर्वाने परस्पर सिराज सरांना फोन केला. दोघी चपला घालून दारात उभ्या आहेत. निघतोच आता.

४ मार्च, शुक्रवार.
काल विमानतळाच्या पोलीस ठाण्यात पोचलो तोवर मोठे साहेब निघून गेले होते, शिपाई म्हणाला, सकाळी या. म्हणजे मधूची रात्र तिथेच गेली. माझी घरी गेली, पण तीही काही बरी नव्हती.
सकाळी आम्ही तिघं ठाण्यात गेलो, तर सिराज सर आधीच हजर. मधू बाकावर, कालच्याच कपड्यांत. त्याने मान वर केली नाही. साहेबांनी पिस्तूल टेबलावर ठेवून विचारलं, कुणाचं? मी मधूकडे बघितलं. मग म्हटलं, माझं. मुलीसाठी मागवलं. मधूला काही माहीत नाही.
सिराज सर अरबीत बराच वेळ काहीतरी बोलले. साहेबांनी पूर्वापुढे कागद-पेन सरकवलं, नाव लिही. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग पेन डाव्या हातात घेतलं.
पूर्वा डाव्याने लिहिते. कधीपासून, मला माहीत नाही.
सिराज सरांनी मूठ दाखवत साहेबांना अरबीत आणि आम्हाला हिंदीत सांगितलं. ही उजव्या हाताची, या मुलीला काडीच्या उपयोगाची नाही, ही पहिल्या दिवसापासून डाव्याने नेम धरते. मी मनात म्हटलं, संपलं. आता हे म्हणणार, मुलीचं नाव पुढे करून खोटं बोलतोय. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग काहीतरी म्हणाले आणि हसले. सिराज सरांनी हिंदीत सांगितलं, "ये कहते हैं, जिसकी नीयत खराब होती, वो कम से कम हथियार तो देखके मंगवाता."
जबाब लिहिला गेला. पहिलंच वाक्य, मला पिस्तुलातलं काहीही कळत नाही. मी विचारलं, 'काहीही'च्या जागी 'फारसं' चालेल का? सिराज सरांनी ते अरबीत सांगितलंच नाही. समोर मधू बसलेला. सही केली.
पिस्तूल जप्त. मला कडक ताकीद. मधूला म्हणाले, खलास, जा. सुचित्रा बाहेर उन्हात उभी होती. तिने मधूचा हात धरला, आणि दोघं माझ्या गाडीत न बसता टॅक्सीने गेले.

११ मार्च, शुक्रवार.
पूर्वाची टीममध्ये निवड झाली. क्लबचं जुनं पिस्तूल, डाव्या मुठीचं. आज बाकावर बसलो नाही, काचेशी उभा राहिलो. हात जरासुद्धा हलत नाही तिचा. निशांतने वजनाबद्दल काही विचारलं. म्हटलं, सिराज सरांना विचार. ग्रुप बंद केला. तसाही वेळ नव्हता.
मधूची नोकरी राहिली. जिन्यात भेटला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, यापुढे तुमचं काही आणणार नाही. मेतकूटसुद्धा नाही." आणि खाली गेला. त्याचा राग जाईल. (जाणार नाही.)
जेवायला विशाखाच्या खुर्चीवर बसलो. इथून टीव्ही दिसत नाही. पूर्वा दिसते. डाव्याने जेवते. कोपर लागलं नाही. जागा बदलायची कल्पना माझीच, असं विशाखाला सांगितलं. तिने मला आणखी भात वाढला.