उजव्या हाताचा गंज

रविवार, ७ सप्टेंबर
माझ्या हातांनी केलेलं, आजपर्यंत: यंत्रमानव अकरा. रोडरोलर एक. कशेळ्याच्या स्टँडवरची जीप, टपावर बसलेल्या चार माणसांसकट. वडापावची गाडी. तिच्यातले वडे म्हणजे मोहरीचे दाणे. पस्तीसपट लहान केला की वडा मोहरीएवढाच होतो, मी मोजलाय! किट विकत आणलं नाही, कुठं शिकायला गेलो नाही. रसायनीच्या कंपनीत चोवीस वर्षं फिटर, तेवढीच शाळा. आणि एकाही वस्तूला दुसऱ्याचा हात लागलेला नाही.

बारावा चालू आहे. उंची चोवीस सेंटिमीटर. खरा असता तर आठ मीटर चाळीस. आमच्या मोहोपाड्याच्या कॉलनीत गच्चीवर हनुवटी टेकून उभा राहिला असता. उजवा हात जुन्या पितळी स्टोव्हच्या पंपाचा. ४ ऑक्टोबरला पनवेलला छोट्या मॉडेलांचं प्रदर्शन. यंदा पहिला नंबर हवाच. गेल्या वर्षी एका इंजिनिअरला दिला — विकतच्या किटला!

शनिवार, १३ सप्टेंबर
उजव्या हाताचा गंज पुरा. रंगाचे चार थर, बोल्टपासून खाली ओघळ. खालापूरचा गॅरेजवाला झहीर उरलेले रंग द्यायला आला होता. बघून म्हणाला, "जयवंता, हात लावू का? धनुर्वात होईल रं!" याहून मोठं सर्टिफिकेट नको. वाळायला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला.

रविवार, १४ सप्टेंबर
संपलं.

घट बसायचे म्हणून छायानं घर धुवायला काढलं. देवघरातलं पितळ चिंच लावून घासलं — समया, घंटा, निरांजन, आणि त्यांच्यासोबत माझा हात. तारेच्या घासणीनं! सोन्यासारखा लखलखीत, समईशेजारी उपडा.

"अहो, केवढा गंजला होता! अर्धी सकाळ गेली माझी त्याच्यात."

रागवावं की खूश व्हावं? बायको फसली म्हणजे गंज अस्सल! अर्धा तास ठरेना. मग रागावलो. दुपारी जेवलो नाही. चारला जेवलो. वालाचं बिरडं होतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर
तिसऱ्यांदा रंगवला. जमत नाही. छाया धुण्याची बादली घेऊन जाता जाता थांबली. "हा गंज नाय, ही विटकरी साडी हाय." तिचं माहेर कशेळ्याच्या पुढं. चिडवायचं असलं की माहेरची बोली.

"तुला काय कळतं गं गंजातलं?"

"गोठ्याचा पत्रा बघत वाढले मी. पाणी थांबतं तिथं गंज आधी धरतो. सांध्यात. ओघळ मागनं येतात. तुमी आधी ओघळच काढून बसलाव!"

शुक्रवार, १९ सप्टेंबर
कंपनीत पाइपांखाली मान वर करून उभा राहिलो. सुपरवायझर धावत आला, "लीक आहे का?" म्हटलं, नाही, अभ्यास करतोय. सत्तावीस सांधे बघितले. सव्वीस ठिकाणी बाई बरोबर.

तिला सांगितलं नाही.

रविवार, २८ सप्टेंबर
शेवटी हात तिच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, दाखव तुझा गोठा. तिनं गेरू कालवला. चहाचा चोथा वाळवून चुरला. मागच्या फाटकाच्या कडीचा खरा गंज सुरीनं खरवडला. सगळं फेविकॉलात घालून बोटानं लावलं, चुलीला पोतेरं द्यावं तसं! ब्रशला शिवली नाही.

"प्रमाण काय?" मी वही घेऊन बसलेलो.

"कसलं प्रमाण? बघायचं नि लावायचं."

हात बसवला. डावा माझा, उजवा तिचा. डावा खोटा दिसायला लागला!

शनिवार, ४ ऑक्टोबर
दुसरा नंबर. पहिला पुन्हा किटलाच!

गोरेगावच्या एका स्टुडिओचे गृहस्थ आले होते. जाहिरातींसाठी छोटी घरं, गाड्या बनवतात. भिंग काढून उजव्या हातापाशी थांबले ते हलेचनात. "हे कोणी केलं?" कार्डावर माझं नाव, माझा फोन नंबर. म्हटलं, सगळं मीच. "सांध्यात काय वापरलंत?" मी म्हणालो, तपकिरी... त्यात थोडा... आणि मागून डब्याची पिशवी धरलेली छाया: "गेरू, चहाचा चोथा आणि फाटकाची कडी."

पुढची वीस मिनिटं माणूस माझ्याकडे पाठ करून तिच्याशी बोलला. वीस! घड्याळात बघितली.

येताना रिक्षात ती आपल्याशीच हसत होती. "ताई तुमची नजर भारी आहे, म्हणाले. आजवर मला कुणी काय विचारलंच नव्हतं ओ."

मी बाहेर बघत होतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर
चहाचा चोथा आता टाकत नाही ती. ताटलीत वाळत घालते. कशाला, विचारलं तर म्हणाली, "असू दे."

गुरुवार, ९ ऑक्टोबर
गोरेगावहून फोन. "ताईंना द्या." छाया बाहेर कपडे वाळत घालत होती, एक हाक पुरली असती. घरबसल्या काम, वस्तू ते पाठवणार, तिनं गंज चढवून परत द्यायच्या. मी म्हटलं, ती असली कामं करत नाही. महिना अठ्ठावीस हजार देणार होते.